उधव्याच्या खाणीवरची माती

डहाणूजवळच्या कैनाडच्या सुदाम धोडीची थोरली मुलगी हर्षदा डॉक्टर झाली, ही बातमी २०१४च्या उन्हाळ्यात पाड्यावर पोचली, तेव्हा शेजारचे दोन म्हातारे आपापले गुडघे घेऊन तिच्या ओट्यावर येऊन बसले. हर्षदाने सांगितलं की आपण तसली डॉक्टर नाही. मग गुरांची का? गुरांचीही नाही. मातीतल्या जंतूंचा अभ्यास करून ही पदवी मिळाली आहे.

"म्हणजे त्यांना मारतेस?" एकाने विचारलं.

"नाही, जगवते."

"जंतूंना?"

"हो."

म्हाताऱ्यांनी चहा घेतला, आणि गुडघ्यांचं नंतर बघू म्हणत दोघे उठले.

घरातही फार वेगळं नव्हतं. सुदामचं म्हणणं, माती शिकलीस तर निदान तलाठी तरी हो. आई रखमीला एवढंच कळलं होतं की पोरगी दापोलीला शिकायला इतकी वर्षं राहिली, आणि परत आल्यावर आपल्याच अंगणातली माती चिमटीत धरून वास घेत बसते. त्याच उन्हाळ्यात सुदाम राब भाजत होता, म्हणजे भाताची रोपं टाकायच्या जागी पाला आणि शेण पसरून पेटवत होता. हर्षदा म्हणाली, "बाबा, याने वरच्या थरातले जीव मरतात."

"तणही मरतं," सुदाम म्हणाला.

दोघांचंही बरोबर होतं, म्हणून विषय तिथेच संपला.

पावसाळ्यानंतर तिला डहाणूत काम मिळालं. काही चिकू बागायतदारांनी मिळून एक छोटी संस्था काढली होती. उजाड जमिनी पुन्हा हिरव्या करायच्या, असा तिचा हेतू. नविनभाई तिचे प्रमुख. घरी गुजराती, बाजारात मराठी आणि संतापले की हिंदी बोलणारा हा माणूस झाडांवर मनापासून प्रेम करायचा, पण झाड लावलं की ते वाढतंच अशी त्याची समजूत होती. चिकूच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी खरी होती.

संस्थेकडे पहिलं काम आलं ते तलासरीकडच्या उधव्याच्या बंद पडलेल्या दगडखाणीचं. उधवा हे रखमीचं माहेर. तिथे रखमीचा चुलतभाऊ झिपरू राहायचा, त्याला हर्षदा लहानपणापासून झिपरूमामा म्हणायची. खाण चालू होती तेव्हा क्रशरची धूळ त्याच्या भातावर बसायची. खाण बंद झाल्यावर धूळ थांबली आणि मुरूम सुरू झाला. दर पावसाळ्यात कापलेल्या डोंगरावरून खडे आणि लाल मुरूम वाहत खाली यायचा आणि झिपरूच्या खाचरात पसरायचा. पावसाळा संपला की झिपरू घमेलं घेऊन तो काढायचा. पुढच्या वर्षी मुरूम पुन्हा यायचा.

"भाची आता सरकारात आहे," झिपरूने गावात सांगितलं.

"सरकारात नाही, मामा, संस्थेत."

"तेच ते. जीप येते ना?"

पहिल्या वर्षी हर्षदाने केलं ते पुढे तिला आठवायला नको वाटायचं. दापोलीच्या प्रयोगशाळेत तिने नत्र धरणारे आणि स्फुरद मोकळं करणारे जिवाणू वाढवले होते. तिच्या प्रबंधाचे नायकच ते. काचेच्या बशीत ते इतके जोमाने वाढायचे की तिला त्यांचा अभिमान वाटायचा. ते तिने बाटल्यांतून आणले, रोपांच्या मुळांना लावले आणि नविनभाईंच्या हस्ते नारळ फोडून खाणीत झाडं लावली. फोटो निघाले. गणपतीपर्यंत झाडं पिवळी पडली, दिवाळीपर्यंत वाळली. बुधीबाईच्या शेळ्यांनी वाळलेल्या काड्याही खाल्ल्या. बुधीबाई खाणीच्या अंगालाच राहायची. नवरा गेलेला, मुलगी उंबरगावला कंपनीत कामाला, आणि घरी शेळ्या. ती म्हणाली, "तुझी झाडं चवीला बरी नव्हती, पोरी. पण खाल्ली बिचाऱ्यांनी."

हर्षदाने खाणीतला मुरूम डहाणूला आणला. तिची प्रयोगशाळा म्हणजे नविनभाईंच्या चिकू भरायच्या शेडमागची एक खोली. निर्जंतुकीकरणाचं यंत्र नव्हतं म्हणून ती बशा, जंतूंचं खाद्य आणि तुलनेसाठीची माती प्रेशर कुकरमध्ये उकळायची. रखमी एकदा भेटायला आली तेव्हा शिट्ट्या चालू होत्या.

"काय शिजतंय?"

"माती."

रखमीने डब्यातली नागलीची भाकरी आणि सुकटीची चटणी काढून टेबलावर ठेवली.

बशा तयार झाल्या, तेव्हा खाणीतल्या मुरमाच्या बशा जवळजवळ कोऱ्या निघाल्या. तिने सोडलेले जिवाणू तिथे नव्हते. त्यांना कुणी मारलं नव्हतं. खायलाच काही नव्हतं. पाला नाही, मुळं नाहीत, सावली नाही, ओल नाही. तिने भरल्या घरातली पोरं उचलून कातळावर नेऊन ठेवली होती आणि म्हटलं होतं, आता संसार करा. हे तिच्यासारखीला आधी कळायला हवं होतं. पहिल्या वर्षाच्या पुस्तकातच ते होतं.

नविनभाईंना तिने सरळ सांगितलं, "झाडं मेली ती माझ्यामुळे. आता दोन वर्षं झाडं लावायची नाहीत."

"झाडं नाय लावायची? मग आपण काय करायचं, बेन?"

"जेवण घालायचं."

"कोणाला?"

"मातीला."

नविनभाईंनी पंख्याकडे पाहिलं. "फोटोत काय दिसेल?"

"शेण," हर्षदा म्हणाली.

त्यांनी नाही म्हटलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. त्यांच्याच बागेतला चिकूचा पाला आणि सडकी फळं, गिरणीवरचं भाताचं तूस, गावातलं शेण असं सगळं उधव्याला जाऊ लागलं. पण तेवढ्याने भागत नव्हतं. हर्षदाची कॉलेजातली मैत्रीण पुष्पा वरोरला राहायची, घरचा धंदा मासळीचा. तिच्या ओळखीने किनाऱ्यावरची टाकाऊ मासळी, डोकी, आतडी, खवले, टेम्पोत भरून येऊ लागली. टेम्पो तलासरी नाक्यावरून गेला की नाक्यावरची माणसं त्याच्याकडे न पाहता सांगायची, हर्षदाची गाडी गेली.

ही सगळी घाण पाल्यात आणि तुसात थरावर थर घालून कुजवायची, वरून मुरूम टाकायचा, आणि तयार खत खाणीच्या उतारावर दगडांच्या बांधांमागे भरायचं. उधव्यातल्या बायका कामाला यायच्या. पहिल्या आठवड्यात त्या नाकाला पदर लावून काम करायच्या, मग पदर सुटले. गावातली कुत्री मात्र अगदी खूश होती.

त्यानंतर तिने गवत पेरलं, ताग पेरला. मुळं आली, मग मुळांवर जगणारे आले. गावच्या जंगलातल्या जुन्या झाडांखालची जिवंत माती झिपरूमामाने देवाला नारळ ठेवून टोपलीभर काढून दिली, आणि ती तिने विरजणासारखी जागोजागी लावली. त्यातली बुरशी मुळांत शिरते, दोऱ्यासारखी पसरते आणि झाडाला लांबचं पाणी आणून देते, असं ती बायकांना सांगायची. एकदा तिने सूक्ष्मदर्शक खाणीवर नेलं आणि सगळ्यांना मुळावरची बुरशी दाखवली. बुधीबाईने एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं.

"काय दिसतं, मावशी?"

"शेवया."

"त्याच. त्या झाडाला खायला घालतात."

"आणि झाड त्यांना काय देतं?"

"साखर."

"मग खीरच झाली की," बुधीबाई म्हणाली आणि शेळ्या हाकायला गेली.

२०१७ साली हर्षदाने पुन्हा झाडं लावली. करंज, शिवण, खैर, आपटा, आणि कडेने बांबू. या वेळी नारळ फुटला नाही, फोटोही निघाले नाहीत. दसऱ्याला झाडं उभी होती. होळीलाही बरीचशी उभी होती. बुधीबाईने शेळ्या दुसऱ्या अंगाला नेल्या होत्या.

आणि मग २०१८च्या नोव्हेंबरात जमीन हलू लागली.

डहाणू आणि तलासरीच्या गावांत आधी कधी असं झालेलं कुणाला आठवत नव्हतं. खोल कुठेतरी गडगडल्यासारखा आवाज यायचा, भांडी वाजायची, भिंतीला तडा जायचा. लोक अंगणात ताडपत्र्या बांधून राहू लागले. थंडीतही कुणी आत झोपायला तयार नव्हतं. मोठमोठ्या ठिकाणचे शास्त्रज्ञ यंत्रं घेऊन आले, साहेब आले, तंबू आले. पण लोकांच्या ओळखीची शास्त्रज्ञ एकच होती.

नविनभाईंचा फोन आला. "हर्षदाबेन, जमीन तुमचा विषय. हे शुं चाललंय?"

"नविनभाई, हा माझा विषय नाही. हे फार खाली, खडकात चाललंय."

"पण खडकावर माती आहे ने?"

"आहे."

"मग?"

कैनाडला सुदामनेही अंगणात ताडपत्री बांधली होती. रखमी म्हणाली, "तुझ्या मातीला विचार तरी, काय दुखतंय तिचं." हर्षदाने हसून टाळलं. पण उधव्यात हाच प्रश्न कुणी हसून विचारत नव्हतं.

उधव्यातल्याच काकड्याचा ट्रॅक्टर होता. खाण चालू असताना तो दगड वाहायचा. ती बंद पडल्यापासून ट्रॅक्टर बहुतेक वेळ दारातच उभा असायचा. तो माणूस वाईट नव्हता. पण भीती वाटू लागली की माणूस कारण शोधतो, आणि काकड्याला ते हाताशीच सापडलं. तो म्हणू लागला की समुद्राची घाण डोंगराच्या अंगावर आणून टाकली, दर्याचं दर्याला आणि डोंगराचं डोंगराला असतं, आता डोंगराला ओकारी येते आहे. ज्यांनी मासळीचा वास सोसला होता त्यांना यात तथ्य वाटलं.

झिपरूच्या अंगणात दुपारी सगळे जमले. हर्षदाला बोलावणं गेलं तसं सुदाम आणि रखमीही कैनाडहून आले, कुणी न बोलावता. रखमी बायकांत बसली. काकड्याने आपलं म्हणणं मांडलं, आवाज न चढवता. मग झिपरू म्हणाला, "बोल, भाचे."

हर्षदा उभी राहिली. "जमीन का हलते ते मला माहीत नाही. पण ती माझ्या कामामुळे हलत नाही, एवढं माहीत आहे."

"ते माहीत नाही, मग हे कसं माहीत?" काकड्याने विचारलं.

"माझं काम वीतभर खोल आहे. हा हादरा कोसांच्या खालून येतो." लोकांच्या चेहऱ्यांवर काही हललं नाही, तशी ती चिडली. "काकड्यादादा, इतकी वर्षं सुरुंग लावून डोंगर फोडला तेव्हा त्याला काही झालं नाही, आणि बोंबलाच्या डोक्यांनी ओकारी आली?"

लोक हसले. काकड्याच्या शेजारी बसलेलेही हसले. उत्तर बिनतोड होतं, आणि बिनतोड उत्तर दिल्यावर माणसाला जे वाटतं ते हर्षदाला क्षणभर वाटलं.

तेवढ्यात जमीन हलली.

मोठा धक्का नव्हता. हंड्यावरचं झाकण खडखडलं, छपरावरून एक कौल घसरलं आणि अंगणात येऊन फुटलं. बायका पोरांना कवटाळून उठल्या. सगळं थांबलं तेव्हा कुणीच हसत नव्हतं. हर्षदा तशीच उभी होती.

झिपरूने फुटलेलं कौल गोळा केलं. बराच वेळ तो तुकडे जुळवून पाहत राहिला, जसं काही ते जुळणार होतं. मग म्हणाला, "पोरी, तू खोटं बोलत नाहीस. पण लोक घाबरलेत. मीही घाबरलोय. हे शांत होईपर्यंत तू खाणीवर येऊ नको."

"मामा, मी आले नाही म्हणून ते थांबणार नाही."

"नाही थांबलं तर मग तुझं नाव तरी राहणार नाही त्यात."

यात माया होती की अविश्वास, हे हर्षदाला तेव्हा कळलं नाही, नंतरही नीट कळलं नाही. झिपरूच्या बायकोने सगळ्यांसाठी भात शिजवला होता. रखमी उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "आम्ही जेवून आलोय." ते जेवून आले नव्हते. माहेरी न जेवता निघायची रखमीची ती पहिलीच वेळ. टमटममध्ये सुदाम म्हणाला, "बोंबलाचं बोलायला नको होतंस."

"माहीत आहे, बाबा."

"पण चांगलं बोललीस."

हादरे थांबले नाहीत. हर्षदा उधव्याला गेली नाही. शेडमागच्या खोलीत ती कुकर लावायची, जुन्या नमुन्यांच्या बशा पाहायची. त्यातही नवीन असं फारसं उरलं नव्हतं. हैदराबादच्या एका कंपनीने तिला बोलावलं. तिथे जैविक खतं बनायची, पाकिटांतून. मोठी प्रयोगशाळा, खरीखुरी यंत्रं. तिने हो म्हटलं आणि ऑगस्टात रुजू व्हायचं ठरवलं. नविनभाईंना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "जा, बेन. इथे तर देवच आपल्या विरुद्ध आहे."

मार्चमध्ये बुधीबाईने मुलीच्या फोनवरून फोन लावायला लावला. "पोरी, डोंगराला वणवा लागला होता. तुझं जळलं."

"सगळं?"

"काळंच दिसतं सगळं."

गवताची आग झपाट्याने जाते, चार बोटं खाली माती फारशी तापत नाही, मुळं वाचतात. हे हर्षदाला पाठ होतं. तरी फोन ठेवल्यावर ती खुर्चीत बसून राहिली आणि त्या दिवशी तिने कुकर लावला नाही. खाणीवर जायचा विचार मनात आला, पण मामाने नको म्हटलं होतं. आणि पाहून तरी काय करायचं, काळं ते काळंच.

त्या वर्षी पाऊस झोडपून पडला. जुलैच्या शेवटी एका सकाळी छत्री मिटत झिपरू शेडमागच्या खोलीच्या दारात उभा राहिला. तो डहाणूला फारसा यायचा नाही. त्याने चपला बाहेर काढल्या, आत येऊन स्टुलावर बसला आणि बशांकडे पाहू लागला. हर्षदाने चहा दिला. तो पिऊन झिपरूने कप खाली ठेवला.

"काय झालं, मामा?"

"काही झालं नाही."

"मग?"

"तेच तर. चल, दाखवतो."

दोघे पावसातच निघाले. वाटेत झिपरू एवढंच म्हणाला की उधव्याला धक्के अजून बसतात, आता सवय झाली. खाणीच्या आधी त्याचं खाचर लागलं. लावणी झाली होती, पाणी भरलं होतं, रोपं उभी होती. हर्षदा बांधावर थांबली. तिला काय पाहायचं ते कळेना.

"यंदा मुरूम आला नाही," झिपरू म्हणाला. "एवढा पाऊस पडला, घमेलंभरही आला नाही."

मग ती वर गेली. अर्धी झाडं मेली होती, काळ्या काठ्या तशाच उभ्या होत्या. वरच्या टप्प्यावर, जिथे नुसता कातळ होता, तिथे पहिल्यासारखंच काही नव्हतं. पण उतारावर कंबरेइतकं गवत होतं, तिने पेरलं त्याहून दाट, आणि त्यात तिने न पेरलेलंही बरंच होतं. जळलेल्या शिवणीला बुंध्यापासून फुटवे आले होते. वाहून येणारं पाणी गवतात शिरताना गढूळ होतं, खाली बाहेर पडताना जवळजवळ स्वच्छ.

तिने बसून एक जुडी मुळांसकट उपटली. सहज निघाली नाही. मुळांना मुरमाचे खडे चिकटले होते, आणि खड्यांना धरून ठेवणारे पांढरे बारीक धागे नुसत्या डोळ्यांना दिसत होते. आठ महिने इथे तिने काही घातलं नव्हतं, ती फिरकलीही नव्हती. तिच्याशिवाय सगळं चाललं होतं. असंच व्हायला हवं असतं, हे तिने प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात स्वतः लिहिलं होतं. लिहिताना त्यात इतकं बरं आणि इतकं वाईट वाटण्यासारखं काय असेल, ते तिला माहीत नव्हतं. तिने नाक पुसलं, हाताची माती नाकाला लागली.

"रडतेस?" झिपरूने विचारलं.

"पाऊस आहे, मामा."

"हो," झिपरू म्हणाला आणि छत्री तिच्यावर धरली.

माफी कुणी मागितली नाही. उधव्यात तशी पद्धतही नाही. निघताना झिपरू म्हणाला, "रखमीला सांग, वाघबारशीला ये. जेवून जा म्हणावं." रखमीने निरोप ऐकला, तांदूळ निवडत राहिली, आणि दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला गेली. भावाशी फार बोलली नाही, पण दोनदा भात घेतला.

हैदराबादला हर्षदाने कळवलं की येत नाही. त्यांनी कारण विचारलं. तिने सांगितलं, घरचं आहे. नविनभाईंना खाण दाखवायला नेलं तेव्हा ते गवतात उभे राहून म्हणाले, "पण बेन, झाडं कुठे आहेत?" तिने त्यांना एक फुटवा दाखवला. त्यांनी वाकून त्याच्यासोबत फोटो काढला. मग संस्थेने तलासरीकडची आणखी एक खाण घ्यायचं ठरवलं, आणि या वेळी पहिली दोन वर्षं झाडं लावायची नाहीत, असं त्यांनी स्वतःच सांगितलं, जणू त्यांनाच ते सुचलं होतं.

दिवाळीनंतर खाणीवरचं गवत कापायला आलं. चांगलं गवत होतं. गुरांना चालेल असं, आणि छपरालाही. काकड्या विळा घेऊन सर्वांत आधी पोचला. मग बाकीचे आले. बुधीबाईने आधीच आपल्या बाजूचं दोरी लावून आखून ठेवलं होतं. गवत कुणाचं, उतार कुणाचा, आधी कोण किती खपलं, यावरून दुपारपर्यंत चांगलंच वाजलं. झिपरूने शेवटी वाटे पाडले, ते कुणालाच पटले नाहीत, पण सगळ्यांनी घेतले.

इतक्या आरडाओरड्यात हर्षदाचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. तिला हे सगळं बुधीबाईकडून दुसऱ्या दिवशी कळलं. वरच्या टप्प्याजवळचं गवत कापू नका, बी पडू द्या, एवढा तिने निरोप दिला होता. तेवढं गवत सोडून बाकी सगळं कापून नेलं होतं.